कॅप्टनचा आवाज

व्हिटबी, ९ फेब्रुवारी २०२३

प्रिय ग्लेनिस,

नाताळच्या कार्डावर सही करून मोकळं व्हायची सवय लागलेल्या माणसाचं एवढं लांब पत्र पाहून दचकू नकोस. मेलो नाही. हात अजून चालतो.

पेपरात वाचलं असशीलच. आपली ‘नॉर्थमार्क’ मालिका परत येतेय. पुठ्ठ्याच्या भिंती आणि अंड्यांचे ट्रे रंगवून केलेली यंत्रं घेऊन आपण सूर्यमालेच्या टोकावरचं ते अंतराळ ठाणं सात वर्षं लढवलं, आणि मग एका सोमवारी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. पंचेचाळीस वर्षं कुणी विचारलं नाही. आता एकाएकी सगळ्यांना त्याचा उमाळा आलाय.

नव्या निर्मातीचं मला पत्र आलं. टॅमसिन नावाची कुणी मुलगी आहे. गोड लिहिते. फार गोड, म्हणून जास्त भीती वाटते. ‘कॅप्टन रूकशिवाय नॉर्थमार्क नाही’, ‘लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून तुम्हाला पाहिलं’ वगैरे. आणि सगळ्यात शेवटी, चमच्याच्या टोकावर औषध द्यावं तसं, ‘एका छोट्या परवानगीवर तुमची सही हवी.’ कामाला या, असं मात्र कुठेही नाही. कॅप्टन हवा आणि ऑब्री थॅकरे नको, हे गणित मला सुटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तुला काही विचारलं का त्यांनी? तुझ्या डॉक्टर व्हेनशिवाय तरी नॉर्थमार्क कसलं? खरं काय ते लिही. फोन करू नकोस, आमचा फोन बिघडलाय. पत्रच लिही.

तुझा,
ऑब्री

~

क्रिकिएथ, १६ फेब्रुवारी २०२३

प्रिय कॅप्टन,

तुझं अक्षर पाकिटावर पाहून आधी वाटलं, तुझ्या पुतणीने, ज्यूडिथने, काही वाईट कळवलं असणार. मग उघडलं आणि पहिल्या ओळीपासून तुझी कुरकुर ऐकू आली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

माझं बरं चाललंय. कंबरेचं हाड बदललं ते आता माझ्यापेक्षा तरुण आहे. चॅपलमधल्या गायकवृंदात अजून उभी राहते, पण मागच्या रांगेत, कारण पुढच्या रांगेत नव्या पास्टरची बायको आहे आणि तिला सूर सोडून सगळं येतं. परसातल्या लीकच्या कांद्यांना यंदा गोगलगाईंनी सोडलं नाही.

नॉर्थमार्कचं मीही वाचलं. मला कुठलं कोण विचारणार? ऐंशीच्या घरातली बाई अंतराळात काय करणार, विणकाम?

तू मात्र उगाच प्रत्येक दारामागे चोर शोधू नकोस. मुलगी सरळ असेल. आणि जुना आवाज कुणी मागितला तर देऊन टाकावा. वाया जाण्यापेक्षा बरा. आपलं वय काही जपून ठेवण्याचं राहिलं नाही.

एक विचारू? फोन बिघडलाय म्हणतोस, पण मी काल लावला तेव्हा तो चांगला वाजला. ज्यूडिथने उचलला. ‘काका बाहेर गेलेत’ म्हणाली. मागे तुझा खोकला ऐकू आला. तुझ्या खोकल्याची लय मला ठाऊक आहे, सात वर्षं प्रत्येक चित्रीकरणाआधी ऐकलीय. पुतणीला खोटं बोलायला लावावं इतकं काय झालंय?

तुझी,
ग्लेनिस

~

व्हिटबी, २३ फेब्रुवारी २०२३

ग्लेनिस,

मांजर डोळे मिटून दूध पितं.

माझं पत्र पुन्हा काढून वाच. मी त्यात ‘परवानगी’ लिहिलं होतं. कशाची परवानगी, ते लिहिलं नव्हतं. ‘आवाज’ हा शब्द माझ्या पत्रात नाही. मग तुझ्या पत्रात तो आला कुठून?

थांब, अजून आहे. तो नॉर्मन आठवतो, आपल्या चाहत्यांचा मेळावा भरवणारा, ज्याने लग्नात नॉर्थमार्कचा गणवेश घातला होता? काल दारात उभा. ज्यूडिथने त्याला तिथूनच वाटेला लावला, पण ‘साहेबांना दाखवा’ म्हणून एक छायाचित्र ठेवून गेला. कार्डिफच्या एका हॉटेलात खिडकीजवळ दोन बायका चहा पितायत. एक तरुण, लाल चष्म्याची. दुसरी तू. तीच हिरवी टोपी, जिला मी कोबी म्हणायचो.

‘मला कुठलं कोण विचारणार’ म्हणे.

म्हणजे त्यांनी तुला घेतलं. आणि घेताना सांगितलं असणार, म्हाताऱ्याची समजूत काढ. तू लीक आणि गोगलगाईंच्या आडून ती काढायला निघालीस. डॉक्टरबाई, तू चांगली नटी होतीस. कागदावर मात्र तुला अभिनय जमत नाही.

ऑब्री

~

क्रिकिएथ, १ मार्च २०२३

ऑब्री,

आज आम्हा वेल्श लोकांचा सण, सेंट डेव्हिडचा दिवस. पातेल्यात कॉल, म्हणजे आमचं मटण-लीकचं सूप, रटरटतंय, कोटाला डॅफोडिलचं फूल लावलंय, आणि मी टेबलाशी बसून तुझ्या शिव्या वाचतेय. शब्द शिव्यांचे नाहीत, पण अर्थ तोच.

हो, मला घेतलंय. चार प्रसंग आहेत. कुणालाही सांगणार नाही अशी सही घेतली माझ्याकडून, म्हणून खोटं बोलले. आता हे लिहितेय म्हणजे तीही मोडली. आणि हो, ‘आवाजाच्या परवानगीसाठी कॅप्टनना दोन शब्द सांगा, ते तुमचं ऐकतील’ असं टॅमसिन म्हणाली होती. मी हसले. तू कधी कुणाचं ऐकलंयस?

पण आता माझं ऐक. संशय घ्यायचा मक्ता एकट्या तुझा नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी सराव म्हणून एक प्रसंग करून पाहिला. कॅप्टन इतक्या वर्षांनी ठाण्यावर परततो आणि डॉक्टर त्याला दारात भेटते. समोर कुणी माणूस नव्हता. एक काठी होती, टोकाला पिवळा चेंडू. ‘इथे कॅप्टनचे डोळे आहेत असं समजा’ म्हणाले. मी समजले. आपण काय काय समजलेलो नाही! आणि मग वरच्या कर्ण्यातून तू बोललास.

तूच. पस्तिशीतला तू. तो खर्ज, ‘डॉक्टर’ म्हणताना पहिल्या अक्षरावर टेकायची ती लकब. ‘डॉक्टर, तू अजून दिवा चालू ठेवलास?’ हे वाक्य आपल्या कुठल्याच भागात नव्हतं, ऑब्री. तू ते कधी बोललाच नाहीस. मी माझं वाक्य विसरले. मी, जी कधी विसरत नव्हते.

टॅमसिनला विचारलं, याला त्याची परवानगी आहे? ती म्हणाली, ‘घरच्यांशी बोलणं झालंय. कॅप्टन आमच्याबरोबर आहेत.’

तेव्हा मला वाटलं, अच्छा, म्हणजे याने सही करून टाकलीय. कार्डिफपर्यंत यायचे कष्ट नकोत, म्हणून यंत्राला पाठवलं. वर मलाच साळसूदपणे विचारतोय, तुला काही विचारलं का म्हणून. फोन उचलत नाही, पुतणीला पुढे करतो. लपवणारा माणूस असाच वागतो.

आता तूच सांग. दिलीस का परवानगी?

ग्लेनिस

~

व्हिटबी, ४ मार्च २०२३

ग्लेनिस,

नाही दिली. त्यांचा कागद अजून ड्रॉवरमध्ये कोरा आहे. आत्ताच पाहून आलो.

‘घरचे’ म्हणजे कोण? माझ्या घरी मी आणि ज्यूडिथ. ती माझ्या भावाची मुलगी, बायको गेल्यापासून माझं सगळं पाहते, आणि गेला महिनाभर मी खोलीत शिरलो की कॉम्प्युटर मिटते. मी विचारलं तर ‘शाळेचं काम’ म्हणते. तिची नोकरी सुटून दोन वर्षं झाली.

तू इकडे येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही.

ऑब्री

~

व्हिटबी, ७ मार्च २०२३

आदरणीय ग्लेनिस प्रोबर्टबाई,

मी ज्यूडिथ. काकांना न सांगता लिहितेय. घरात तीन दिवस एकाच टेबलावर जेवतो आणि मिठाची बाटलीसुद्धा कुणी कुणाकडे सरकवत नाही. हा आता तुमचाही प्रश्न झालाय, म्हणून लिहिते.

काका फोनवर येत नाहीत, कारण त्यांना बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी घशात कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. मानेला छिद्र आहे, तिथून श्वास घेतात, वर मफलर. बाकी तब्येत ठणठणीत. रोज धक्क्यापर्यंत जातात, सीगल पक्ष्यांना शिव्या देतात, म्हणजे हातवारे करतात. पण जुन्या माणसांपैकी कुणालाही कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली. ‘लोकांच्या कानात माझा आवाज आहे, तो तिथे राहू दे’ असं पाटीवर लिहून दाखवलं होतं.

इस्पितळाने एक यंत्र दिलंय. विजेरीएवढी कांडी, गळ्याला लावली की ओठांच्या हालचालीतून बोलणं उमटतं. काकांनी ती एकदाच लावली. तुमच्या मालिकेतले ते शत्रू आठवतात, टॉर्क? टिनाच्या डब्यात माशी अडकावी तसं बोलणारे? अगदी तसा आवाज येतो. काका आरशासमोर एक वाक्य बोलले, यंत्र मोजांच्या खणात ठेवलं आणि तो खण पुन्हा उघडला नाही. आता मोजेसुद्धा माझ्याकडून मागवतात.

टॅमसिनने मला विचारलं तेव्हा ती म्हणाली, जुन्या भागांवरून आवाज पुन्हा तयार करता येतो. मी विचारलं, तो घरी वापरता येईल का? म्हणजे काका लिहितील आणि कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलेल? ती हो म्हणाली. मग मी म्हटलं, करून बघा. सही केली नाही, नुसतं तोंडाने म्हटलं. मला फक्त घरात कुणीतरी बोलायला हवं होतं, बाई. माझ्या काकांचं ‘ज्यूडिथ, चहा!’ पुन्हा ऐकायचं होतं.

ते आता मला फितूर समजतात. तुम्ही समजा वा नका समजू, पण त्यांना एकटं टाकू नका.

तुमची,
ज्यूडिथ थॅकरे

~

क्रिकिएथ, ११ मार्च २०२३

मूर्ख माणसा,

ज्यूडिथने सगळं लिहिलं. तिच्यावर चिडायचं असेल तर चीड, पण आधी तिच्या हातचा चहा पी आणि मग चीड.

मी तुझ्यावर काय काय संशय घेतला! विकला गेलास, गर्विष्ठ झालास, वेडा झालास. एकदा तर वाटलं, नवी बायको केलीस आणि तिला मी आवडत नाही. खरं एवढं साधं होतं आणि ते तू मोजांच्या खाली दडवलंस.

मी कीव करणार नाही. कीव करायला मला कंबर वाकवावी लागते आणि ती आता वाकत नाही.

गुरुवारी येतेय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून गाईन. तुझ्या शेजाऱ्यांना वेल्श भजनं सोसतात का, ते तू ठरव.

ग्लेनिस

~

व्हिटबी, ३० मे २०२३

प्रिय ग्लेनिस,

कार्डिफहून परतून आठवडा झाला. अजून झोपेत दिवे दिसतात. जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, पण मला एका गोष्टीवरून चैन पडत नाही, म्हणून लिहितो.

त्या गुरुवारी तू स्वयंपाकघरात बसलीस आणि म्हणालीस, ‘काढ ती कांडी.’ मी मान हलवली. तू म्हणालीस, ‘काढ, नाहीतर मी खणात हात घालते आणि तुझे मोजे कसे असतील याची मला कल्पना आहे.’ मग मी गळ्याला यंत्र लावून बोललो, ‘डॉक्टर, हा माझा नवा आवाज.’ आणि तू हसलीस. इतकी हसलीस की चहा नाकातून आला. ‘अरे, सात वर्षं ज्यांना गोळ्या घातल्यास त्यांच्यातच सामील झालास!’ दोन वर्षं लोकांनी हळूच, मान तिरकी करून माझ्याशी बोललेलं सोसलं. पहिल्यांदा कुणी हसलं. बरं वाटलं. ज्यूडिथ दारात उभी राहून रडत होती, तेही तेव्हाच दिसलं मला.

म्हणून मी टॅमसिनला कळवलं: कॅप्टन हवा असेल तर हा असा मिळेल. म्हातारा, मफलरवाला, कांडीवाला. तरुण आवाजाचा कागद कोराच राहील. ती तयार झाली. फार पटकन तयार झाली.

चित्रीकरण चांगलं झालं, मला माहीत आहे. मी ‘डॉक्टर, तू अजून दिवा चालू ठेवलास?’ म्हटलं तेव्हा ध्वनीवाल्या बाईने कानांवरचे हेडफोन काढून नुसतंच ऐकलं. आणि तू जे केलंस! एक शब्द न बोलता माझा मफलर नीट केलास. संहितेत ते नव्हतं. ग्लेनिस, तू तरुणपणीसुद्धा इतकं चांगलं काम केलं नव्हतंस.

पण मग टॅमसिन आली आणि म्हणाली, ‘आता एकदा यंत्राशिवाय करू. नुसते ओठ हलवा. खबरदारी म्हणून.’

कसली खबरदारी? नुसत्या ओठांवर काय चिकटवणार आहेत? मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. ती हसली, म्हणाली, ‘ठीक आहे, नको.’ पण ज्यांच्याकडे तो आवाज तयार आहे त्यांना माझे ओठ तरी कशाला हवेत? शब्द दिलाय, तोही तोंडी. टीव्हीच्या पेटीतून कुठला आवाज बाहेर येईल ते दाखवतील तेव्हाच कळेल.

ऑब्री

~

क्रिकिएथ, ५ जून २०२३

प्रिय ऑब्री,

तुझ्या शंकेला या वेळी मी वेड म्हणणार नाही. मलाही तो प्रकार आवडला नाही. पुढच्या आठवड्यात काही ओळी पुन्हा ध्वनिमुद्रित करायला मला कार्डिफला बोलावलंय. टॅमसिनला समोर बसवून विचारते. लाल चष्म्याआड डोळे कसे हलतात ते मला बघायचंय.

तू ज्यूडिथबरोबर ते ‘चहा!’ ओरडण्याचं चालू ठेव. काल तिने फोनवर ऐकवलं. शेजारचा बिचारा कुत्रा भुंकतो म्हणे, पण चहा येतो ना?

ग्लेनिस

~

व्हिटबी, १९ नोव्हेंबर २०२३

प्रिय ग्लेनिस,

काल टीव्हीवर दाखवलं. बैठकीच्या खोलीत ज्यूडिथ, मी, आणि शेवटी आत घेतलेला नॉर्मन, गणवेशासकट. दार उघडलं, कॅप्टन आत आला, गळ्याला कांडी लावली, आणि माझा आवाज आला. माझाच. आताचा. घाई न करता, प्रत्येक शब्द उमटायला लागतो तेवढा वेळ देऊन. नॉर्मन रुमालात तोंड घालून बसला. सकाळी मासेवाल्याने पहिल्यांदाच मला ‘काय हवं’ विचारून, पाटीकडे न पाहता, माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट पाहिली.

टॅमसिनने शब्द पाळला. मी तिची माफी मागणारं कार्ड पाठवलंय.

पण मी मुळातला संशयी माणूस. तू कुठे आहेस?

चार प्रसंग होते तुझे. मी मोजत बसलो होतो. ठाण्यातले तिन्ही गेले. दारातल्या भेटीत तू फक्त पाठमोरी दिसतेस, दिवा खाली ठेवतेस आणि संपलं. मफलर नाही. तुझा चेहराच नाही. ज्या कामाबद्दल मी तुला लिहिलं होतं ते कुठेच नाही.

जूनमध्ये तू टॅमसिनला समोर बसवणार होतीस. त्यानंतर तुझी पत्रं आली, त्यात हवामान होतं, चॅपल होतं, पास्टरची बायको होती. त्या बैठकीबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आता येतंय.

तिथे काय ठरलं, ग्लेनिस?

ऑब्री

~

क्रिकिएथ, २४ नोव्हेंबर २०२३

प्रिय ऑब्री,

तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

सांगते, एकदाच. भाग ठरल्या वेळेपेक्षा लांबला होता. तू बोलतोस त्याला वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्याला समजून घ्यायला आणखी थोडा. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं, तरुण आवाज चिकटवा, सगळं निम्म्या वेळात आटपेल. सही काय, वकील बघून घेतील. टॅमसिन त्यांच्याशी भांडत होती. मुलगी खरंच सरळ आहे, पण एकटी होती. तिने मला तुझ्या आताच्या आवाजातलं दाखवलं. चिकटवलेलंही दाखवलं. सुंदर होतं, ऑब्री. मफलरमधून पस्तिशीतला माणूस बोलत होता, आणि तुझे डोळे मात्र भलतंच काही सांगत होते.

मी विचारलं, आवाज तसाच ठेवायचा तर दुसरीकडे किती कापावं लागेल? मग मीच म्हटलं, माझं काप. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं.

यात मोठेपणा शोधू नकोस. मला वाईट वाटलं. बाहेर येऊन स्टुडिओच्या जिन्यावर बसले आणि रडले. माझं शेवटचं काम होतं ते, आणि चांगलं झालं होतं, हे मला तुझ्याआधी माहीत होतं. मग नाक पुसलं आणि बस पकडली.

टॅमसिनने मला तो प्रसंग वेगळा काढून पाठवलाय. अजून लावला नाही. नाताळात तू आणि ज्यूडिथ इकडे या, तेव्हा लावू. माझा मफलरचा हात कसा आहे ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन.

आणि पाठमोरी मी बरी दिसते. पोस्टातली बाई म्हणाली, कोट कुठून घेतला?

तुझी,
ग्लेनिस